कॅमेऱ्याची उंची

उचगाव
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

निशी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते बाजूला ठेवशील, हे धरूनच लिहायला बसले आहे. ठेव. फक्त फाडू नकोस. फोन करावा तर माझा नंबर तू बंद करून ठेवलेला, आणि तुझे आबा, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी, रोज जेवण झालं की माझा फोन चाळतात. पुण्याचा हा पत्ता तुझ्या मैत्रिणीच्या आईने दिला. चुकीचा असेल तर ज्याच्या हाती पडेल त्याने कृपा करून पुढे वाचू नये.

घरी सगळे बरे. तुझी आजी, आक्का, श्रावणात गेल्या ते कळलं असेलच. अमरसिंहकाका वरच्या मजल्यावर एकटेच असतात, जेवायला खाली येतात. एका दूध संस्थेचे चेअरमन झालेत, रस्त्याने जाताना लोक उठून नमस्कार करतात. मागच्या खोलीतली चूल काढून गॅस घेतला. माळ्याची शिडी मात्र तीच आहे.

आता खरं सांगते. मी शाळेत जाते. हसू नकोस. कोल्हापुरात एका वाचनालयात दर गुरुवारी तीन ते पाच असा वर्ग निघालाय, ‘सिनेमा कसा बघावा’, फक्त बायकांसाठी, फी नाही, वर चहा. सिनेमा बघायला शिकायचं काय असतं, असं मलाही वाटलं होतं. तू ज्यासाठी घर सोडलंस ते नेमकं काय असतं हे कळावं म्हणून गेले. दुसरं काही कारण नाही.

शिकवणाऱ्या अनुजा मॅडम तिशीच्या असतील. बारा जणींचे तीन गट केलेत. माझ्या गटात शालूबाई, त्यांच्या चार म्हशी आहेत आणि बोलायला माईक लागत नाही. बनाबाई सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या, त्या मोजकं बोलतात. आणि सोनम, लग्न होऊन आठ महिने झालेली, मोबाईल हाताला चिकटलेला.

पद्धत अशी की सिनेमा आधी आवाज बंद करून बघायचा. एकीने उजेड बघायचा, एकीने रंग, एकीने चौकटीच्या कडेला काय आहे ते. मला मॅडमनी कॅमेऱ्याची उंची दिली. म्हणाल्या, “कॅमेरा कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवलाय ते बघत जा. गोष्ट कोण सांगतंय ते त्यावरून कळतं.” खालून दाखवलं की माणूस मोठा आणि भीतीदायक दिसतो, वरून दाखवलं की बापुडवाणा.

शालूबाई म्हणाल्या, “म्हंजी मालिकेतल्या सासवा खालनं दावत्यात म्हणून डांबरट दिसत्यात व्हय? माझी सासू चार फुटाची हुती, ती मला बसल्या जागेवरनं बी वरनंच बघायची की.” मॅडमसुद्धा पोट धरून हसल्या.

घरी मी दत्ताच्या आरतीला जाते असं सांगितलंय. देवाचं नाव घेऊन खोटं बोलले. पहिल्यांदा नाही.

चार वर्षांपूर्वी फाटकात तू जे विचारलंस त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. हात उचलला त्याचं वाईट वाटतं, एवढंच.

तुझी
आई


उचगाव
शुक्रवार, १७ जानेवारी

निशी,

एकच विचारते. तो सिनेमा तुझा आहे का?

काल मॅडमनी प्रत्येक गटाला अभ्यासाला एकेक छोटा सिनेमा दिला. आमच्या वाट्याला आला तो नऊ मिनिटांचा. मुद्दाम नाव कापून टाकलेलं, कुणी केला ते कळू नये म्हणून. मॅडम एवढंच म्हणाल्या की एका मुलीने केलाय, पुण्यात बक्षीस मिळालंय.

एक खोली. कॅमेरा अगदी जमिनीला. मी वहीत लिहिलं, जमिनीपासून एक वीत. वर काहीतरी आडवं काळं आहे, कॉटची पट्टी. समोर माळ्याच्या शिडीचे खालचे दोन पाय. मागे चूल, चुलीवर पुढे कललेला तवा, बाजूला तांब्याची घागर. भाकरी थापणारे एका बाईचे हात, तोंड दिसत नाही. पहिल्या बोटाला बारीक चिरा आहेत, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या असतात तशा. ते माझे हात नाहीत, ते बघून जरा जीवात जीव आला. मग बाईची पावलं शिडी चढतात. मग पुरुषाची पावलं येतात. मग शिडीचे पाय सरकतात, आणि चौकटीतून निघून जातात. कुणी पडलेलं दिसत नाही. बस, एवढंच.

माझ्या तोंडून निघून गेलं, “तिसऱ्या पायरीला लाल चिंधी बांधलीय.” तेव्हा पडद्यावर शिडीच्या दोनच पायऱ्या दिसत होत्या. चिंधी नंतर आली. कुणाच्या लक्षात आलं नसावं. ती पायरी सैल झाली होती म्हणून माझ्याच जुन्या लुगड्याची किनार मी बांधली होती, तुला माहीत आहे.

मग चर्चा. सोनमने विचारलं, “मॅडम, पुढचा माणूस, शिडी, सगळं धूसर आणि मागची भाकरी एकदम लख्ख, हे चुकून झालंय का?”

मॅडम म्हणाल्या, “असं चुकून होत नाही. जे बघायला हवं तेच लख्ख ठेवतात. पुढे एवढं घडतंय आणि ही मुलगी म्हणतेय भाकरीकडे बघा. का?”

आम्ही पुन्हा लावलं. शालूबाई एकदम उभ्याच राहिल्या. “थांबवा, थांबवा. त्या भाकरीवर पाणी फिरवून किती येळ झाला? बघा की, पाणी आटलं. वर तडं गेलं. कड उचलली, धूर निघाया लागला, तरी उलटायला हात येईना. आता सांगा, हात कुठं गेलं? ही बाई चुलीफुडं न्हाईच!”

मॅडम बघतच राहिल्या. म्हणाल्या, “मी हा सिनेमा चार कॉलेजांत दाखवला. भाकरीबद्दल एकजणही बोलला नाही.”

“आयतं खाणारी पोरं ती, त्यास्नी काय दिसतंय.”

मी म्हटलं, “बाई पाण्याला गेली असेल.”

“तव्यावर भाकरी टाकून पाण्याला जाती व्हय कोण? तुमी जाता?”

सगळ्या हसल्या. मीही हसले.

निशी, मी सगळ्यांना तेव्हा एकच सांगितलं होतं, की मी चुलीपुढे होते. सतरा वर्षं तेच सांगत आले, फाटकात तू विचारलंस तेव्हाही. पोलीस आले नाहीत, डॉक्टरने विचारलं नाही, कुणीही त्या तव्याकडे बघितलं नाही. तुला त्या दिवशी ताप होता. तू कॉटवर झोपली होतीस, मी स्वतः गोधडी घातली होती.

तू कॉटखाली कशी गेलीस?

आई


उचगाव
शुक्रवार, ३१ जानेवारी

निशी,

दोन पत्रं गेली, परत एकही आलं नाही. परत आलं नाही म्हणजे पत्ता बरोबर आहे. तू वाचते आहेस असं धरून लिहिते, कारण आता दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

काल सोनमने घागर शोधून काढली. तिने पडद्याचा फोटो मोबाईलवर घेतला आणि दोन बोटांनी मोठा केला. घागरीच्या चकचकीत पोटात हिरवा डाग, कशाचं तरी प्रतिबिंब. “आई गं, कोणतरी उभं आहे!” परड्याच्या दारात, हिरव्या लुगड्यात, एका पायावर भार देऊन एक बाई. सिनेमा पुढे मागे करून आम्ही मोजलं. शिडी सरकते तेव्हा ती तिथेच आहे. मग डाग बारीक बारीक होतो आणि जातो.

शालूबाईंनी कपाळावर हात मारला. “म्हंजी भाकरी टाकून ही भवानी दारात उभी ऱ्हाऊन बघतीया! आणि तोंडातनं शब्द न्हाई. अशी कशी बाई ही?”

डाग का जातो, यावर मॅडम म्हणाल्या की दिग्दर्शिकेने उजेड हळूहळू कमी केलाय, संध्याकाळ होत आलीय असं दाखवायला. सगळ्यांनी तसंच वहीत लिहिलं. मीही लिहिलं.

वर्ग सुटल्यावर बनाबाई माझ्याबरोबर केएमटीच्या थांब्यापर्यंत आल्या. उचगावची गाडी लांब दिसत होती तेव्हा म्हणाल्या, “ताई, चिंधी पडद्यावर यायच्या आधी तुम्ही बोलला होता.”

मी पिशवीतले सुटे पैसे मोजायला लागले.

“माझ्याकडनं कुठं जाणार न्हाई,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात तीस वर्षं काढली. शिडीवरनं पडलेल्या लई सुना बघितल्या.”

मग मी त्यांना सांगितलं. गाडी सोडली, पुढची पण सोडली. जे त्यांना सांगितलं ते तुला आठ वर्षांची असताना सांगायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही. पण आता तू पंचवीसची आहेस.

रूपालीकाकीला पाचवा महिना होता. भांडण काकांशी, ताकातल्या मिठावरून. खरंच, एवढ्यावरून. ती रुसून चुलीसाठी शेणी काढायला माळ्यावर चढली आणि काका मागून आले. त्यांचा आवाज चढला तशी मी भाकरी तव्यावर टाकून उठले आणि परड्याच्या दारात गेले. मध्ये पडायला नाही. लांब व्हायला. त्यांनी शिडी ओढली ते मी बघितलं. तिने मला बघितलं की नाही, माहीत नाही.

पोर गेलं, खुब्याचं हाड मोडलं. आठ दिवसांनी गारगोटीहून तिचे वडील आणि भाऊ येऊन सोप्यात बसले. ती म्हणत होती शिडी ओढली, काका म्हणत होते पाय घसरला. तेव्हा आक्कांनी शपथेसाठी देव्हाऱ्यातला बेल आणि भंडारा आणून माझ्या तळहातावर ठेवला. तुझे आबा म्हणाले, “घर ऱ्हातंय का मोडतंय, ते आता तुझ्या तोंडात हाय.” मी बेलभंडारा उचलला आणि म्हटलं, मी चुलीपुढे होते, मी काही बघितलं नाही, घसरला असेल पाय. तिच्या वडिलांनी देवाला हात जोडले आणि लेकीला प्लास्टरसकट गाडीत घालून घेऊन गेले. देवापुढे उचललेलं खोटं असेल असं त्या माणसाच्या मनातसुद्धा आलं नाही.

तेव्हापासून मी देवाला बेल वाहिला नाही. महाशिवरात्रीला तुझे आबा वाहतात, मी ताट धरते. तू लहानपणी एकदा विचारलं होतंस, तू का वाहत नाहीस. मी म्हटलं, माझे हात ओले आहेत.

बनाबाई बौद्ध आहेत, नवस-शपथा त्यांच्यात नाहीत. सगळं ऐकून म्हणाल्या, “बेलाचं मला काय म्हाईत न्हाई ताई. पर जे चार माणसांफुडं बोललं, ते मनातल्या मनात कसं मागं घेणार?”

आई


उचगाव
मंगळवार, ११ फेब्रुवारी

निशी,

घाईत लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

वर्गाचा समारोप वीस तारखेला आहे. प्रत्येक गटाने आपला सिनेमा लोकांसमोर लावायचा आणि त्यात काय काय सापडलं ते बोलायचं. घरच्यांना बोलवायचं. आणि शेवटी सिनेमा कुणी केला ती नावं पडद्यावर दाखवायची.

प्रमुख पाहुणे अमरसिंहकाका आहेत. वाचनालयाला त्यांनी खुर्च्या दिल्यात.

परवा दुपारी जेवायला खाली आले ते पत्रिका हातात घेऊनच. “वैनी! ह्यात तुमचं नाव हाय की! दत्ताची आरती सिनेमाघरात असती हे आमाला ठावंच न्हवतं.” तुझ्या आबांचा घास हातातच राहिला. काका हसत होते. पाटावर बसल्या बसल्या खालून माझ्याकडे बघत होते, तरी मीच लहान दिसत असेन. “कसला सिनेमा हाय ओ तुमचा?”

मी म्हटलं, “स्वयंपाकघराचा आहे.”

“मग बरोबर हाय. बायकास्नी तेवढंच कळतंय.” आणि दही मागितलं. मी दोन चमचे वाढलं.

आबा नंतर म्हणाले, “गेलीस ती गेलीस. तिथं जाऊन शोभा करू नगंस.” त्यांना सिनेमा कुठला ते माहीत नाही. माहीत असतं तर जाऊच दिलं नसतं.

काल वाचनालयात जाऊन मी मॅडमना म्हटलं, आमच्या गटाचा सिनेमा बदला. त्या म्हणाल्या, गटाला विचारा. शालूबाईंना फोन लावला तर त्या ओरडल्या, “आता बदलायचा? चार कॉलेजातल्या पोरांस्नी जे दिसलं न्हाई ते आमाला दिसलंय! माझ्या म्हशीस्नी बी सांगून झालंय!”

मला ताप आला असं सांगून घरी राहता येईल. मी नसले तरी सिनेमा लागणारच. भाकरी जळणारच. शेवटी तुझं नाव येणारच, आणि काका पहिल्या रांगेत असणार. तू पुण्यात एकटी राहतेस. तुझ्या दाराला आतून कडी आहे ना? नीट लागते ना?

सकाळी देवापुढे उभी राहिले आणि काय मागावं ते सुचलं नाही. लाईट जावी, असं मागितलं. एवढंच सुचलं.

आई


कोल्हापूर
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

निशी,

अंबाबाईच्या देवळात गरुड मंडपाच्या कडेला बसून लिहिते आहे. घरी बसवत नाही.

लाईट गेली नाही.

चाळीस खुर्च्या होत्या, छत्तीस भरल्या. काका पहिल्या रांगेत मध्ये, अंगावर शाल, मांडीवर सत्काराचा नारळ. शेजारी तुझे आबा. सिनेमा लागला. पहिलं मिनिटभर काका शेजारच्यांशी बोलत होते. शिडी दिसली आणि बोलणं थांबलं. मी पडद्याकडे बघत नव्हते, त्यांच्या मानेकडे बघत होते. मान हलली नाही.

शालूबाईंनी भाकरी समजावून सांगितली. लोक आधी हसले, मग पुढे सरकून बघायला लागले. सोनमने घागर दाखवली. मग माझी पाळी. मला म्हणायचं होतं एवढंच, की कॅमेरा जमिनीपासून एक वीत आहे, म्हणजे गोष्ट एक लहान मूल सांगतंय, कॉटखालून. तेवढं म्हटलं. टाळ्या वाजल्या. बसायचं होतं.

मी बसले नाही. का ते विचारू नकोस. पडद्यावर ते चित्र तसंच थांबवलेलं होतं, आणि गेला महिनाभर मी बघून न बघितल्यासारखं केलेलं समोर होतं. मी मॅडमना म्हटलं, “आम्ही वहीत एक चुकीचं लिहिलंय. हिरवा डाग जातो तो उजेड कमी झाल्यामुळे, असं. ते तसं नाही. शिडीच्या पायाशी बघा. कौलात काच बसवलीय, तिच्यातून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडलाय. डाग असताना तो चौकोन जेवढा लख्ख आहे, डाग गेल्यावरही तेवढाच आहे. संध्याकाळ झाली असती तर आधी तो गेला असता.”

मॅडम पडद्याजवळ गेल्या. पुढे मागे करून बघितलं. “खरंच की. मग डाग कसा गेला?”

“त्या बाईने दार ओढून घेतलं.”

“कशावरून?”

“मी ओढलं होतं,” मी म्हटलं. “बाहेरून. कडीसुद्धा घातली. ती बाई मी आहे. मी चुलीपुढे नव्हते. शिडी ओढताना मी बघितलं.”

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज पडली नाही. काकांच्या मांडीवरचा नारळ घरंगळून खाली गेला आणि खुर्च्यांच्या पायांत जाऊन अडकला. तो कुणी उचलला नाही. शालूबाई, ज्या कधी गप्प बसत नाहीत, त्यांनी तोंडाला पदर लावला होता. ‘भवानी’ म्हणाल्या होत्या ना मला.

सोनमला काही सुचलं नाही, तिने पुढचं बटण दाबलं आणि नावं आली. ‘निशिगंधा, उचगाव’. आडनाव नाही, गाव आहे. त्याखाली एकच ओळ. ‘हात: रूपाली, गारगोटी’.

घरी आल्यावर काकांनी मागच्या खोलीतली शिडी एकट्याने उचलून परड्यात नेली, कुऱ्हाड आणली आणि तिचे तुकडे केले. लाल चिंधीसकट. आम्ही दोघं सोप्यात बसून तो आवाज ऐकत होतो. संपल्यावर आबांनी विचारलं, “किती जणांनी ऐकलं?”

मी म्हटलं, “बसले होते तेवढ्यांनी.”

काका सकाळी जेवायला आले नाहीत. कुऱ्हाड परत जागेवर ठेवलेली नाही, मी बघितलं.

त्या ओळीचा अर्थ मला लागत नाही, निशी. रूपालीचे हात? उद्या गारगोटीला जाते आहे. घरी सांगितलेलं नाही.

आई


गारगोटी
शनिवार, २२ फेब्रुवारी

निशी,

हे पत्र रूपालीच्या शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहिते आहे. ती चहा करते आहे. डावा पाय आखूड आहे, चालताना भिंतीला हात लावते.

दारात मला बघून ती म्हणाली, “लई उशीर केलासा, ताई.” आत ये म्हणाली नाही. सरकून वाट दिली.

मी सगळं बोलले. सतरा वर्षांचं, बेलाचं, परवाच्या सभेचं. ती काजं करत होती, मान वर केली नाही. शेवटी म्हणाली, “मला म्हाईत हुतं. कडी वाजलेली मी ऐकली. वरनं खाली येईपर्यंत तेवढंच ऐकू आलं, बघा.”

म्हणजे तिला माहीत होतं, तुला माहीत होतं. कुणाला माहीत नाही असं फक्त मीच समजत होते.

मग तिने तुझं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तू कॅमेरा घेऊन आलीस, चार दिवस राहिलीस, शेजारच्यांची जुनी चूल मागून आणलीस. “तीन भाकऱ्या जाळल्या पोरीनं. ही लई जळली, ही कमी जळली. चौथी तिच्या मनासारखी जळली. मी म्हटलं, बाई गं, आन्न हाय ते! तर म्हंती, काकी, एकदाच.” हे सांगताना ती हसली. मला तिचं हसणं आठवतच नव्हतं.

आणि मग म्हणाली, “नंतर म्हंती, काकी, आता हिरवं लुगडं नेस आणि दारात उभी ऱ्हा. आईच्या जागी. मी म्हटलं, मी न्हाई. दोन दिवस न्हाईच म्हटलं. मग उभी ऱ्हायले.” मशीनचं चाक हाताने थांबवून तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “ताई, तिथनं सगळं दिसतंय की ओ.”

मी मान डोलावली.

मी विचारलं, आता काय करू, पोलिसांत जाऊ का. म्हणाली, “ते माझं मी बघीन, भावाला इचारून. तुमी जिथं बोललासा तिथं बोला. त्याच देव्हाऱ्याफुडं, त्याच माणसांफुडं. माझं वडील आता न्हाईत, पर मी हाय. मी येणार.”

बुधवारी महाशिवरात्र आहे. सकाळी दहाला ती आणि तिचा भाऊ उचगावला येतील. मी सतरा वर्षांनी बेल हातात घेईन आणि जे बघितलं ते सांगेन. बनाबाई येणार आहेत. शालूबाईंचा मघाशी फोन आला. भवानी म्हटल्याबद्दल माफी वगैरे काही नाही. म्हणाल्या, “मी परड्याच्या दारात उभी ऱ्हाते. बघू कोण दार वढतंय ते.”

तरी मला भीती वाटते, निशी. काकांची वाटते, कुऱ्हाड दिसली नाही त्याची वाटते, तुझे आबा मला घरात ठेवतील का याची वाटते. बेल हातात घेतल्यावर पुन्हा तेच जुनं वाक्य तोंडातून बाहेर पडेल की काय, याची सगळ्यात जास्त वाटते. ते इतकं पाठ आहे.

म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे, मंगळवारपर्यंत मिळेल. तू ये असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण आलीस तर कॅमेरा आण. शिडी आता नाही. भिंतीवर तिच्या दोन टोकांनी पडलेले दोन खळगे आहेत, ते पुसता येत नाहीत, ते घे. आणि ह्या वेळी कॅमेरा कॉटखाली ठेवू नकोस. मी काय बोलते ते माझ्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसू दे.

रूपालीने आत्ता मला भिंतीला टेकून उभी केली आणि तिच्या शिवणाच्या टेपने मोजलं. जमिनीपासून डोळ्यांपर्यंत चार फूट सात इंच.

आई